‘उत्सुक’ला जरा विश्रांती द्या

मराठी लेखनात सध्या ‘उत्सुक’ हा शब्द फार राबतो. नोकरीच्या अर्जात उमेदवार उत्सुक असतो, मुलाखतीत अभिनेत्री नव्या भूमिकेसाठी उत्सुक असते, निकालाच्या आदल्या रात्री दहावीची मुलं उत्सुक असतात आणि तिकीट मिळावं म्हणून नेत्याच्या बंगल्याबाहेर ताटकळणारा कार्यकर्ताही उत्सुकच असतो. या चौघांच्या मनात एकच गोष्ट चाललेली नाही. अर्जदाराला काम हवं आहे, अभिनेत्रीला चित्रपटाची चर्चा व्हायला हवी आहे, मुलांच्या पोटात गोळा आला आहे आणि कार्यकर्त्याने देव पाण्यात घातले आहेत. चौघांनाही एकच शब्द वाटला तर वाक्य चुकत नाही, पण वाचणाऱ्याला काही दिसतही नाही.

तीच गत ‘तीव्र’ची. वेदना तीव्र, इच्छा तीव्र, टीका तीव्र, स्पर्धा तीव्र, आवडही तीव्र. ज्यांना रोज काही ना काही लिहावं लागतं, म्हणजे बातमी, अर्ज, अनुवाद, संस्थेचा अहवाल, नाहीतर मुलांच्या निबंधावरचा शेरा, त्यांनी या दोन शब्दांकडे जरा संशयाने बघावं. हात आपोआप त्यांच्याकडे जातो, हेच त्या संशयाचं कारण.

हात का जातो, तेही उघड आहे. इंग्रजीत ‘कीन’ हा एकच शब्द हौशी माणसाला चालतो, चाकूच्या पात्याला चालतो, कुत्र्याच्या नाकाला चालतो आणि अटीतटीच्या सामन्यालाही चालतो. ‘ईगर’ आणि ‘एक्सायटेड’ हे त्याचे शेजारी. आपण निम्मा वेळ इंग्रजी वाचून मराठी लिहितो, त्यामुळे मनाची ओढ आली की ‘उत्सुक’ आणि धार आली की ‘तीव्र’ किंवा ‘तीक्ष्ण’ असा सोपा हिशेब होऊन बसतो. मराठीचा स्वभाव वेगळा आहे. ती आधी विचारते: ओढ कोणाला, कशाची, आणि ती शरीरात कुठे जाणवते? धार कशाला, आणि ती कापते, टोचते की झोंबते?

आधी खुद्द ‘उत्सुक’चंच घर बघू. भरताच्या नाट्यशास्त्रात जे ३३ व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत औत्सुक्य आहे. तिथे ते प्रिय माणसाच्या विरहातून, त्याच्या आठवणीतून, बागबगीचा पाहून मन हळवं होण्यातून येतं. आजच्या मराठीत विरह मागे पडला आणि ‘पुढे काय?’ हा प्रश्न तेवढा उरला. म्हणून जिथे काहीतरी कळायचं बाकी आहे, तिथे हा शब्द चपखल बसतो: पाकिटात काय आहे, खून कोणी केला, नव्या सुनेला स्वयंपाक येतो का. जिथे काही मिळवायचं किंवा करायचं आहे, तिथे तो पातळ पडतो.

वापरताना त्याच्यामागे काय येतं ते सांभाळावं. ‘ऐकायला उत्सुक’ हे बोलीतलं, ‘ऐकण्यास उत्सुक’ हे सभेतलं आणि ‘ऐकण्यासाठी उत्सुक’ मधलं. तिन्ही बरोबर, पण एकाच परिच्छेदात तिघांची सरमिसळ नको. नाम आलं की ‘निकालाबद्दल उत्सुकता’ किंवा ‘निकालाची उत्सुकता’. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ‘मी उत्सुक आहे’पेक्षा ‘मला उत्सुकता आहे’ हे कानाला बरं लागतं. मराठीत मनातल्या गोष्टी माणसाकडे चालत येतात: मला भूक लागते, मला राग येतो, मला आठवण येते. उत्सुकतेलाही तशीच येऊ द्या. ‘मी उत्सुक आहे’ हे वाक्य व्याकरणात पास होतं, पण कोणी खरंच घरात तसं बोलत असेल असं वाटत नाही.

या शब्दाला एक क्रियापद कायमचं चिकटलं आहे: उत्सुकता शिगेला पोचणे. वर्तमानपत्रात ते दर निवडणुकीला भेटतं आणि आता इतकं गुळगुळीत झालं आहे की ‘शीग’ म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला विचारलं तर तो गोंधळतो. धान्य मापताना शेर किंवा पायली काठोकाठ भरल्यावरही वर ओतत राहिलं की दाण्यांचा एक निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. त्यावर आणखी मूठभर टाकलं की दाणे ओघळू लागतात. म्हणजे शिगेला पोचलेली उत्सुकता ही आता मावत नाही अशी उत्सुकता. हे चित्र डोळ्यांसमोर असलेला माणूस मतदानाला महिना असताना उत्सुकता शिगेला पोचवणार नाही. मतमोजणीच्या सकाळसाठी ती राखून ठेवील. ‘शिगेला पेटली’ असंही कधीतरी वाचायला मिळतं, त्यावर न बोललेलंच बरं.

‘उत्कंठा’ ही उत्सुकतेची थोरली बहीण. उत् आणि कंठ: मान वर करून, टाचा उंचावून बघणारा माणूस त्या शब्दातच उभा आहे. म्हणून सामना, रहस्यकथा, न्यायालयाचा निकाल अशा समोर घडणाऱ्या गोष्टींना ती शोभते. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या वृत्तान्तात उत्कंठा आणू नये, तिथे कोरम जमला तरी पुष्कळ.

‘आतुर’ मात्र जपून वापरावा असा शब्द. संस्कृतात आतुर म्हणजे आजारी, पीडित. मरण जवळ आल्यावर घेतात तो आतुरसंन्यास. चिंतातुर, शोकातुर, क्षुधातुर या सगळ्या शब्दांत कोणीतरी कण्हत आहे. तो दुखरेपणा मराठीत अजून पूर्ण गेलेला नाही. परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनसाठी आई आतुर असते, हे खरं. नवीन मोबाइलसाठी ग्राहक आतुर असतात, हे जाहिरातवाल्याचं खरं. लग्नपत्रिकेत ‘आपल्या आगमनाची आतुरतेने वाट पाहत आहोत’ असं छापलेलं असतं. त्याच पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात घरातल्या लहान मुलांच्या नावाने ‘आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ असंही असतं. दोन्हींतलं कोणतं आमंत्रण खरं वाटतं, ते मी सांगायला नको. गणपतीच्या आधी चौकाचौकांत ‘आतुरता आगमनाची’चे फलक लागतात, तिथे मात्र तो शब्द मंडळाच्या पोरांनी स्वतःचा करून घेतला आहे. मूर्ती मंडपात येईपर्यंत ती पोरं खरोखरच झोपत नाहीत.

‘अधीर’मध्ये धीर सुटलेला आहे आणि ‘उतावीळ’मध्ये तर शहाणपणही. बाशिंग बांधायचं कपाळाला, पण उतावळा नवरा ते गुडघ्याला बांधून बसतो. या शब्दात थट्टा आहे, हे विसरून ‘मी आपल्यासोबत काम करण्यास उतावीळ आहे’ असं लिहिलं तर वाचणारा गालातल्या गालात हसेल. राजकीय बातमीत याचा फार सुंदर उपयोग होतो. तिथे ‘इच्छुक’ हे विशेषण राहिलेलं नाही, ते नाम झालं आहे: ‘प्रभागात इच्छुकांची भाऊगर्दी’. आणि हे इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधूनच हिंडत असतात.

आता एक असा उंबरठा आहे जिथे ओढ गुण राहत नाही, अवगुण होते. आसुसलेला माणूस आपल्याला कळवळा आणतो. हपापलेला माणूस नकोसा होतो. वखवखलेल्या माणसापासून आपण पोरीबाळींना घरात घेतो. मायेला आसुसलेला, सत्तेला हपापलेला, वखवखलेली नजर. शब्द बदलला की लेखकाने निकाल दिला. बातमीदाराने हे भान ठेवावंच. एखाद्या पक्षाला सत्तेची आस आहे की तो सत्तेला हपापलेला आहे, हे लिहिताना तुम्ही वृत्तान्त सोडून अग्रलेखात शिरलेले असता.

नामांचं एक गाठोडंही आपल्याकडे आहे: ओढ, आस, ध्यास, हौस, गोडी, नाद, हुरूप, उमेद. यांची गंमत त्यांच्या क्रियापदांत आहे. ओढ लागते, पण ध्यास घ्यावा लागतो. आस धरतात, नाद लागतो आणि तो सुटता सुटत नाही. गोडी लावता येते, म्हणून वाचनाची गोडी लावण्याचं काम शिक्षक करू शकतो. वाचनाचं वेड मात्र आपलं आपल्यालाच लागतं. हौस फिटते, हुरूप चढतो, उमेद खचते. शब्द बरोबर आणि क्रियापद परकं असं झालं की वाक्य लंगडतं. ‘त्याची उमेद संपली’ हे कळतं, पण ‘उमेद खचली’ म्हटल्यावर भिंत खचताना दिसते. एखाद्या शब्दाबरोबर कोणतं क्रियापद जातं याची खात्री नसेल तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ चाळावा. तो नुसता वाचत बसायलाही मजेचा आहे.

एवढं सगळं शब्दांचं झालं. पण माझ्या मते मराठीतली खरी उत्सुकता शब्दात नाहीच, ती वाक्याच्या घडणीत आहे. ‘कधी एकदा घरी जातेय असं झालंय.’ या वाक्यात ओढ दाखवणारा एकही शब्द नाही, आणि तरी ते ओढीने फुटायला आलं आहे. ‘तो येतोय कधी नि मी त्याला सांगतेय कधी’ हे दुसरं. ‘परीक्षा संपते न संपते तोच पोरं मैदानावर’ हे तिसरं. संवाद लिहिणाऱ्याला, कथा लिहिणाऱ्याला ‘आतुरतेने’ या क्रियाविशेषणाची गरज का पडावी? ‘ती आतुरतेने त्याची वाट पाहत होती’ हे लेखकाने सांगितलं. ‘जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराशी’ हे वाचकाने पाहिलं.

आणि मग शरीर आहे. मराठीत मन थेट बोलत नाही, अवयवांकडून बोलवून घेतं. फलंदाजाचे हात शिवशिवतात. गुपित माहीत असलेल्या बाईची जीभ वळवळते. आपलं नाव निघालं की शेजारचा कान टवकारतो. पावसाने ओढ दिली की शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. (चातकाला मात्र आता मोकळं करावं, दर जूनमध्ये त्याला किती वेळा बोलवायचं?) मदतीला तत्पर असणारा मित्र एका पायावर तयार असतो. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बसलेल्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. यातला प्रत्येक वाक्प्रचार वेगळ्या जागी बसतो, आणि प्रत्येक ठिकाणी ‘उत्सुक’ घालून बघा म्हणजे काय गमावतो ते कळेल. रुग्णालयाच्या बाकावरचे नातेवाईक ‘उत्सुक’ आहेत असं कोणी लिहिलं तर त्याला चार शब्द सुनवावेसे वाटतील.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी करायची ते एका नमुन्यावर पाहू. ग्रंथालयातल्या जागेसाठी असा अर्ज येतो, अशी कल्पना करा: ‘मी आपल्या ग्रंथालयात काम करण्यास अत्यंत उत्सुक आहे. मला वाचनाची तीव्र आवड आहे. माझे निरीक्षण तीक्ष्ण असून मी नवनवीन गोष्टी शिकण्यास सदैव उत्सुक असतो. आपल्या उत्तराची उत्सुकतेने वाट पाहत आहे.’

चार वाक्यं, तीनदा उत्सुक, आणि अर्जदाराविषयी कळलं शून्य. पहिल्या वाक्यात ‘इच्छुक’ पुरे. ती अर्जाची रीत आहे आणि रीतीत भावना ओतायची नसते. ‘तीव्र आवड’ काढून टाकावी, कारण आवड मनापासून असते, पिढीजात असते, पण तीव्र नसते. ‘निरीक्षण तीक्ष्ण’ हे स्वतःविषयी दिलेलं प्रमाणपत्र. त्याऐवजी पुरावा द्यावा. मग अर्ज असा होतो: ‘आपल्या ग्रंथालयातील सहायक पदासाठी मी इच्छुक आहे. वाचनाची गोडी शाळेपासूनची. गावच्या वाचनालयात सुट्टीच्या दिवशी देवघेवीची नोंद करायला बसतो. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक आणि फाटून निघालेले पान माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. संगणकावर सूची करणे अजून येत नाही, शिकण्याची तयारी आहे. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.’ ओढ वाढली की कमी झाली? माझा अनुभव असा की दुसरा अर्ज वाचणारा एकदा तरी खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आता धारेकडे. विळीला धार, पेन्सिलीला टोक, बाभळीच्या काट्याला अणी. धारदार, टोकदार, अणकुचीदार. हे घरात सगळ्यांना कळतं, लिहिताना मात्र सगळंच ‘तीक्ष्ण’ होतं. गुन्ह्याची बातमी लिहिणाऱ्याने तर काळजी घ्यावीच: धारदार शस्त्राने वार होतो, टोकदार शस्त्राने भोसकलं जातं. जखमेचा प्रकार वेगळा, आणि पुढे खटल्यात तो मुद्दा होऊ शकतो. नाक धारदार म्हटलं तर मराठी वाचक त्याचा आकार बघतो. कुत्र्याला वास लवकर येतो हे सांगायचं असेल तर तसंच सरळ सांगावं.

‘तीक्ष्ण’ प्राकृतात ‘तिक्ख’ झाला आणि मराठीत येता येता ‘तिखट’. म्हणजे ताटातलं तिखट आणि बाणाचं टोक एकाच घराण्यातलं. म्हणूनच आपल्याकडे कानही तिखट असतात. ‘आजीचे कान तिखट आहेत, हळू बोल’ यात जे आहे ते ‘आजीची श्रवणशक्ती तीक्ष्ण आहे’ यात औषधालाही नाही. जीभही तिखट असते, पण तिथे अर्थ पालटतो: कान तिखट हे कौतुक, जीभ तिखट ही तक्रार.

बुद्धीच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. कुशाग्र म्हणजे कुश नावाच्या दर्भाच्या टोकासारखी. हात कापू न देता कुश खुडून आणणारा तो कुशल, अशी त्याच्या भावाची जुनी व्युत्पत्ती संस्कृत साहित्यशास्त्रात सांगतात. ‘कुशाग्र’ बुद्धीलाच लावावा. कुशाग्र माणूस, कुशाग्र नजर हे ओढूनताणून. तल्लख हा फारसी ‘तल्ख’वरून आला, म्हणजे मूळचा कडू, झणझणीत, तो लहान मुलाला, स्मरणशक्तीला, चटकन उत्तर देणाऱ्याला शोभतो. तैलबुद्धीचा माणूस थोडक्यावरून बरंच ओळखतो, पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब पसरावा तसा. आणि मग उतरण सुरू होते: हुशार, चलाख, चाणाक्ष, धूर्त, बेरकी. प्रत्येक पायरीवर बुद्धी तेवढीच राहते आणि विश्वास कमी होतो. नोकरीच्या शिफारसपत्रात ‘चलाख’ लिहिण्याआधी दोनदा विचार करावा, आणि ‘बेरकी’ लिहायचं असेल तर शिफारस करूच नये.

‘तीव्र’ हा मुळात धारेचा नाही, चढाचा शब्द आहे. यमन शिकणाऱ्याला विचारा: सात सुरांत मध्यम तेवढा तीव्र होतो, म्हणजे आपल्या शुद्ध जागेवरून वर चढतो. जे मापता येतं, चढतं-उतरतं, त्याला तीव्र म्हणावं: उतार, दुष्काळ, धक्का, विरोध, टंचाई. दुखण्याला म्हणायलाही हरकत नाही, पण डॉक्टरसमोर ‘तीव्र वेदना’ निरुपयोगी. दाढ ठणकते, पोटात कळ येते, कंबरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, जखम चुरचुरते. यातला योग्य शब्द सांगितला की डॉक्टरचे पुढचे दोन प्रश्न वाचतात. आरोग्यविषयक पत्रकं मराठीत लिहिणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ रुग्ण दुवा देतील.

वारा बोचरा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, लढत चुरशीची. टीकेला तर वाट्टेल तेवढी विशेषणं आहेत, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खोचक टीका करणारा हसत असतो, जळजळीत टीका करणारा संतापलेला असतो, मार्मिक टीका ज्याच्यावर होते त्यालाही मनातून पटते. आणि ‘जहाल’ला इतिहास आहे. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जे दोन गट फुटले, त्यांना मराठीने जहाल आणि मवाळ अशी नावं दिली. तेव्हापासून हा शब्द नुसत्या बोलण्याचा राहिला नाही, पक्षाचा झाला. एखाद्या चित्रपटाच्या परीक्षणाला ‘जहाल’ म्हणताना सुरतेचा मंडप मागे उभा असतो.

राहिलं शुद्धलेखन. तीक्ष्ण आणि तीव्र यांतला ‘ती’ दीर्घ. ‘तिक्ष्ण’ असं लिहिलेलं वारंवार दिसतं, ते चूक. तिखटचा मात्र ‘ति’ ह्रस्व. उत्सुक, इच्छुक, भावुक, आतुर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणून त्यांचा उकार ह्रस्वच राहतो. नाजूक, ठाऊक, माणूस हे तसे नाहीत, म्हणून ते दीर्घ. उतावीळ बदलत नाही, उतावळा बदलतो: उतावीळ मुलगी, पण उतावळी नवरी. ‘आतूर’ असं दीर्घ लिहिलेले फलक जागोजागी दिसतात. मंडळाने या वर्षीचा छापून टांगला असेल तर राहू द्या, पुढच्या वर्षी ऑर्डर देताना प्रिंटरला तेवढं सांगा.